उकिरड्याचे पांग

जागतिक पर्यावरण दिन ५ जूनला येतो. संयुक्त राष्ट्रांनी १९७२ साली ही तारीख मुक्रर केली तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्यांचा तक्ता त्यांच्यासमोर कुणी ठेवला नसावा. त्या दिवशी इथल्या प्राथमिक शाळांना कुलूप असतं. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात ऊन उतरायचं म्हणून त्याहूनही उशिरा. त्यामुळे पर्यावरण दिन साजरा होतो तो मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे हाताला लागलेले दोन सदस्य, व्हरांड्यात सावलीला आलेल्या शेळ्या आणि एक रोप यांच्या उपस्थितीत. रोप लावलं जातं, फोटो निघतो, तो योग्य त्या गटावर जातो, आणि मंडळी घरी गेली की शेळ्या आपला कार्यक्रम उरकून घेतात.

मुलं येतात तेव्हा दिन उलटून गेलेला असतो, पर्यावरण मात्र शिल्लक असतं. मग यंदा काहीतरी वेगळं करायचं ठरतं. वेगळं म्हणजे गेल्या वर्षी शेजारच्या गावच्या शाळेने केलेलं : कंपोस्ट खड्डा. शाळेच्या मागे, मुतारी आणि कुंपण यांच्यामधल्या, एरवी कुणीच हक्क न सांगितलेल्या जागेत चार-पाच पालक कुदळ-फावडी घेऊन येतात आणि दुपारपर्यंत खड्डा तयार होतो. जुलैत त्याचं तळं होतं. भाजीची देठं वर तरंगतात, पालापाचोळा तळाशी जातो आणि थोड्याच दिवसांत बेडकांची शेपटीवाली पिल्लं वळवळू लागतात. बाई हुशार असतील तर तिथल्या तिथे पाठ बदलतात : खताचं राहू द्या, आज बेडकाचं जीवनचक्र. परिसर अभ्यास या विषयाची हीच तर गंमत आहे. त्यात काहीही बसतं.

तरीही खताला प्राथमिक शाळेत जे यश मिळतं ते पर्यावरणाच्या दुसऱ्या कुठल्याच धड्याला मिळत नाही, आणि त्याचं कारण कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. खत घाण असतं, हे ते कारण. ओझोनच्या थराला वास नाही. तापमानवाढ काठीने ढवळता येत नाही. हिमनद्या वितळतायत हे ऐकून, ज्याने बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलाय अशा सात वर्षांच्या मुलाला जितकं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नाही. खड्ड्यात हात घालायला मात्र घरी मनाई असते आणि शाळेत परवानगी. एवढ्या एका फरकावर अख्खा उपक्रम तरून जातो.

पर्यावरण शिक्षण शाळांत सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली सांगितलं. हेतू उत्तम होता. पुढे त्याचं काय झालं ते मराठी आई-बापांना पाठ आहे. रात्री साडेनऊला मुलगी जाहीर करते की उद्या ‘वृक्ष वाचवा’चा प्रकल्प द्यायचाय. बाबा स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का बघायला धावतात, आणि आई मध्यरात्रीपर्यंत थर्माकोलवर हिरवा रंग मारून जंगल उभं करते. जंगलातून चमकीची नदी वाहते. नदीकाठी प्लॅस्टिकचा वाघ. राज्याने २०१८ मध्ये प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आणली तेव्हा अनेक निसर्गप्रेमी प्रकल्प कपाटामागे लपवायची वेळ आली होती.

खताला ही सोय नाही. ते आईला एका रात्रीत करता येत नाही.

किती दिवसांत करता येतं, याचा हिशेब विदर्भातल्या एका माणसाने मांडून ठेवलाय. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी खतासाठी विटांचा हौद बसवला. त्यांच्याच नावातल्या अक्षरांनी तो नाडेप झाला, आणि ते स्वतः नाडेपकाका. हौद साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतींत मुद्दाम भोकं ठेवलेली, कारण आतल्या जिवाणूंना हवा लागते. आत काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थरावर थर, वरून शेणामातीचं लिंपण. काडीकचरा लागतो दीड टनाच्या घरात आणि शेण जेमतेम शंभर किलो. तीन-चार महिन्यांत खत तयार. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणणाऱ्या पूर्वजांना हा वेग झेपला नसता. झेपत नाही तो गावातल्या गवंड्यालाही, पण वेगळ्या कारणाने. हयातभर सलग भिंती बांधलेल्या माणसाला भोकं ठेवायला सांगितलं की तो दोनदा विचारतो, “गुरुजी, विटा कमी पडल्या का?” आणि तिसऱ्यांदा न विचारता बुजवून टाकतो.

हे शहाणपण एकट्या पुसदचं म्हणता येणार नाही. होळकरांच्या इंदूरमध्ये १९२० च्या दशकात अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ आणि यशवंत वाड या दोघांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांचं गणित बसवलं आणि १९३१ साली त्यावर पुस्तक काढलं. पद्धतीला त्यांनी गावाचं नाव दिलं, ‘इंदूर पद्धत’. पुढे हॉवर्ड ‘सर’ झाले आणि जगभरच्या सेंद्रिय शेतीवाल्यांच्या तोंडी त्यांचं नाव बसलं. वाडांचं मुखपृष्ठावर राहिलं. चौथीच्या वर्गात निदान एवढं तरी सांगायला हरकत नाही, की कचऱ्यावर जगाने वाचलेलं पुस्तक लिहिणाऱ्यांत एक आपल्यातलं आडनाव होतं.

आता दीड टन काडीकचरा शाळेने आणायचा कुठून? पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी असं प्रमाण आहे. चाळीस पोरांची शाळा धरली तर भाजी झाली दोन किलो. त्यातली देठं-सालं पावशेर, फार तर अर्धा किलो. तीही खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या शेळीच्या नजरेतून सुटली तर. शहरातले तज्ज्ञ ज्याला ओला कचरा म्हणतात त्याला खेड्यात आधीच मालक असतो. सालं शेळीला, उष्टं कुत्र्याला, सांडलेले दाणे कोंबड्यांना. खेड्यातल्या शाळेची खतनिर्मितीतली पहिली अडचण ही की कचरा मिळत नाही. मग मुलांना घरून आणायला सांगतात, आणि सरकारी योजनेतून मिळालेल्या नव्याकोऱ्या दप्तरात केळ्याची सालं, मराठीचं पुस्तक आणि वांग्याची देठं शेजारी-शेजारी बसून शाळेत येतात.

आणलेल्या कचऱ्याचं वजन करून फळ्यावर मांडायचं, ही कल्पना गणित शिकवणाऱ्याची. तिचे परिणाम मात्र वाणिज्य शाखेचे होतात. तिसरी विरुद्ध चौथी असा सामना लागतो. कलिंगडाच्या सालीला एकदम भाव येतो, कारण ती भरते. पाचोळा भिजवून आणला की तराजूचा काटा झुकतो, हा शोध कुणीतरी लावतोच, आणि तो लावणारा बहुधा बेरजेत कच्चा म्हणून नोंदलेला असतो. वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात त्याच्यापुढे ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ असं लिहून बाई विषय मिटवतात.

यानंतर खड्डा आजारी पडतो. हा भाग खरा शिकवण्याजोगा आहे आणि मोठ्यांना तो नेमका नको असतो. वास सुटला की मुख्याध्यापकांना शेजारच्या घरातून निरोप येतो, ‘तुमचं ते पर्यावरण बंद करा.’ पण वास हे लक्षण आहे. ओलं फार झालं, हवा कोंडली, असा त्याचा अर्थ. ओल्या हिरव्या कचऱ्यात नत्र भरपूर, वाळल्या पाचोळ्यात कर्ब भरपूर, आणि जिवाणूंना कर्ब नत्राच्या पंचवीस-तीसपट लागतो. आठ वर्षांच्या मुलाला हे गुणोत्तर सांगायचं नसतं, घमेलं दाखवायचं असतं : ओलं एक घमेलं टाकलंस तर वाळलेलं दोन-तीन टाक आणि ढवळ. वास जातो. मुंग्या लागल्या तर उलट, कोरडं पडलंय, पाणी शिंपड. नेमकं किती ओलं हवं? मूठभर घेऊन दाबायचं. हात ओला व्हावा, धार लागू नये. ही परीक्षा चौथीतली मुलं मन लावून घेतात. एकदा घेऊन भागण्यासारखं असलं तरी प्रत्येक जण घेतो, आणि खत तपासण्यापेक्षा हात धुवायला जास्त पाणी लागतं.

ढीग घनमीटरभर जमला आणि थर नीट बसले तर तो तापतो, ५५ ते ६५ अंशांपर्यंत. डिसेंबरच्या सकाळी काठीने उकरला की वाफा निघतात. “बाई, खड्ड्याला ताप आलाय,” ही बातमी वर्गात पोचायला वेळ लागत नाही. आत कोट्यवधी जिवाणू जेवतायत आणि जेवताना ऊब सुटते, हे सांगितलं की मुलांना एकदम पटतं. मोठी माणसं मात्र आत कुणी निखारा टाकला का, याची चौकशी करून घेतात.

शहरातल्या शाळेत एवढा ढीग करायला जागा नसते. तिथे गांडुळं येतात. विकत आणलेली तांबूस रंगाची, आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं एका टाकीत सोडतात, वर ओलं गोणपाट, आणि वर्गाचा कारभार त्या दिवसापासून गांडुळांच्या हाती जातो. आधी किंचाळ्या. मग नावं ठेवणं, तेही सगळी गांडुळं सारखीच दिसत असताना. मग प्रश्न. गांडुळाला डोळे असतात का? नसतात. कान? तेही नाहीत. श्वास? ओल्या कातडीतून, म्हणून त्याला उन्हात धरून ठेवू नकोस. दात नसतात तर खातं कसं? पोटात वाळूचे कण असतात, त्यावर दळतं. मुलगा की मुलगी? दोन्ही. या उत्तरावर बाई शक्यतो पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पुढचा प्रश्न ठरलेला : अर्धं कापलं तर दोन होतात का? होत नाहीत. डोक्याकडचा भाग कधीकधी तगतो, शेपटीचा मरतो. हे उत्तर लगेच द्यावं लागतं, कारण विचारणाऱ्याच्या हातात पट्टी असते.

शेवटी कधीतरी उघड होतं की खत म्हणजे गांडुळाची शी. त्या क्षणी वर्गाला जो आनंद होतो, तो स्नेहसंमेलनातही दिसत नाही.

गांडुळांपुढे असं पोरपण करणारं एक मोठं माणूस इतिहासात होऊन गेलं. चार्ल्स डार्विनने आयुष्यातलं शेवटचं पुस्तक गांडुळांवर लिहिलं. ते १८८१ साली आलं, पुढच्या वर्षी तो गेला. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला त्याने त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, मुलाला ‘बसून’ नावाचं जाडजूड सुषिरवाद्य वाजवायला लावलं, पियानोही वाजवून पाहिला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्याच पियानोवर ठेवून सूर दाबला, तशी ती झरकन बिळात गेली. कान नाहीत, पण कंप कळतो. त्यांना कोबी जास्त आवडतो की गाजर, याचीही नोंद त्याने केली. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडलेला सत्तरी पार केलेला म्हातारा गांडुळांना भाजी वाढून टिपणं काढतोय, ही गोष्ट तिसरीच्या मुलांना अजिबात विचित्र वाटत नाही. गोष्ट ऐकून ती ताट वाजवायला टाकीपाशी जातात. प्रयोग म्हणून तो डार्विनच्या बरोबरीचा आहे. त्रास फक्त शेजारच्या वर्गाला होतो.

डार्विनच्या गांडुळांना जे भोगावं लागलं नाही, ते इथल्या गांडुळांना भोगावं लागतं : डब्यातली कारल्याची भाजी. नावडतं सगळं आता पर्यावरणाच्या नावावर खपवता येतं, हे मुलांच्या लक्षात यायला आठवडाही लागत नाही. “वाया नाही घालवली, गांडुळांना दिली,” असं उत्तर घरी मिळालं की आईला रागवावं की कौतुक करावं कळत नाही. पण तेल, मीठ, तिखट गांडुळांना सोसत नाही, म्हणून शिजवलेलं काही टाकायचं नाही असा नियम करावा लागतो. कारलं परत डब्यात येतं.

सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात बोलका प्रयोग म्हणजे पुरून ठेवण्याचा. केळ्याचं साल, पिंपळाचं पान, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी आणि वेफर्सचं पाकीट एकेका खळग्यात पुरायचं, वर काडी रोवून नाव लावायचं आणि काही आठवड्यांनी उकरायचं. सालाचा पत्ता नसतो. पानाच्या शिरा उरतात. कागद बोटाला चिकटतो. चिंधी विरलेली. पाकीट मात्र धुऊन घेतलं तर पुन्हा विकता येईल अशा तब्येतीत असतं, आणि त्यावरची किंमत, पाच रुपये, स्वच्छ वाचता येते. खाली लिहिलेलं असतं की आतला माल अमुक महिन्यांत संपवावा. पाकिटाची मुदत मात्र कुठेच छापलेली नसते, हे मुलं बरोबर हेरतात. भाषण वगैरे करायची गरज इथे पडत नाही, तरी प्रमुख पाहुणे करतात.

हे सगळं घरी पोचतं तेव्हा खरी पंचाईत होते. सहा वर्षांची मुलगी दुपारी कचऱ्याचे डबे तपासते. चहाचा चोथा सुक्या डब्यात दिसला की बाबांना बोलावणं जातं. सफरचंदावरचा चिकटवलेला कागद सालासकट टाकलेला तिला चालत नाही. निर्माल्यावरून आजीशी खटका उडतो, कारण आजीच्या लेखी देवावरची फुलं आणि भाजीची देठं एका खड्ड्यात जाणं शक्यच नाही. यावर बहुतेक घरांत तोडगा एकच निघतो : निर्माल्याची कुंडी वेगळी आणि तिचं खत फक्त तुळशीला. आजी खूश. हारातला दोरा मात्र कुजत नाही, तो आधी ओढून काढावा लागतो, आणि ते काम आपोआप नातीकडे येतं.

सोसायट्यांत तर मुलांचा सामना थेट पदाधिकाऱ्यांशी असतो. पुणे महापालिका घरी किंवा सोसायटीत कचरा जिरवणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. मुंबई महापालिकेने रोज १०० किलोहून जास्त कचरा काढणाऱ्या मोठ्या सोसायट्यांना २०१७ मध्ये ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. देवनारचं कचराभूमीचं आवार १९२७ पासून भरतंय, २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं आणि धूर शहरभर पसरला, ही त्यामागची पार्श्वभूमी. नियम चांगले आहेत. पण आवाराच्या कोपऱ्यातल्या खताच्या टाकीवर मोडकी खुर्ची, जुना आकाशकंदील आणि गणपतीच्या मखराचे खांब पाहून एखादं पोर भर सभेत विचारतं, “काका, यात गांडुळं कुठायत?” आणि सचिव म्हणतात, हा मुद्दा पुढच्या सभेत घेऊ.

सहल काढायचीच तर वेंगुर्ल्याला काढावी. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोच असा करून दाखवलाय की लोक तो मुद्दाम पाहायला जातात. समुद्र आहेच.

शाळेतला खड्डा इतकं सगळं सोसून उभा राहतो, आणि मग त्याला पाहणी लागते. केंद्रप्रमुख येणार, कदाचित गटशिक्षणाधिकारीही. आदल्या दिवशी खड्ड्याला चुन्याची कड मारली जाते, कचऱ्यावर हिरवा पाला अंथरून तो ‘स्वच्छ’ केला जातो आणि कुंपणाला दहा फुटी फ्लेक्स लागतो : ‘प्लॅस्टिक हटवा, वसुंधरा वाचवा’. खाली सौजन्य, त्याखाली सात चेहरे. फ्लेक्स प्लॅस्टिकचाच. साहेब फोटोला उभे राहतात, तेव्हा पुरण्याच्या प्रयोगातून आलेलं चौथीतलं एखादं मूल अत्यंत निरागसपणे विचारतं, “सर, हे कुजायला किती दिवस लागतील?” हे फ्लेक्सबद्दल विचारलंय हे साहेबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागतो.

आता हिशेब बघा. पावसाळ्यात खड्डा बुडतो, म्हणून जाणते शिक्षक दिवाळीनंतर तो नव्याने भरतात. पानगळ होते ती थंडी सरता सरता, तेव्हा कर्बाची चंगळ. तिथून तीन-चार महिने मोजले की येतो मे. म्हणजे खत तयार होतं तेव्हा शाळेला सुट्टी, आणि पाणी घालायला कुणी नसेल तर गांडुळंही सुट्टीवर, कायमची. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा चौथीतली मुलं दुसऱ्या शाळेत पाचवीला गेलेली असतात आणि त्यांनी केलेलं खत पहिलीत आलेल्यांच्या परसबागेतल्या मेथीला जातं. त्यावर उपाय एवढाच, की सुट्टीत आळीपाळीने पाणी शिंपडायला शाळेजवळच्या दोन-चार घरांना सांगून ठेवायचं. ज्या शाळांत हे जमतं तिथे खत होतं. जिथे जमत नाही तिथे फोटो होतात.

तेव्हा वाचकहो, यंदा कुठल्या शाळेला काही द्यायचं मनात आलं तर फ्लेक्स देऊ नका. लहान हातांना पेलतील अशी चार फावडी द्या, दोन घमेली द्या, एक चाळणी द्या, आणि मे महिन्यात पाणी घालणाऱ्या माणसाचे पैसे द्या. आपलं नाव घालायचंच असेल तर फावड्याच्या दांड्यावर कोरा. दांडा लाकडी असतो, यथावकाश कुजतो.